हाताची घडी, तोंडावर बोट

माझ्या कपाळावरची टिकली बघून ती पोरगी पहिल्याच दिवशी माझ्याकडे धावत आली होती. "मावशी, बाथरूम कुठे आहे?" मी तिला इंग्रजीत उत्तर दिलं आणि बोटाने दार दाखवलं. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग जी गप्प झाली ती झालीच.

नुकतीच नागपूरहून अमेरिकेत आलेली, पहिलीतली. इंग्रजीचा गंध नाही. मी त्या वर्गात बाईंची मदतनीस. पूर्वी अशा मुलांना दोन शब्द त्यांच्या भाषेत सांगणं हेच माझं काम होतं. मग राज्याचा नवा नियम आला. शाळेच्या आवारात आम्ही मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. पालकांना इतर भाषांतून जाणाऱ्या सूचनाही बंद. म्हणे अशाने मुलं लवकर शिकतात. कुणाची मुलं, ते विचारायची सोय नव्हती. वर्क परमिटची वाट बघत मी वर्षानुवर्षं घरी काढली होती. हातची नोकरी घालवायची नव्हती, म्हणून मूग गिळून बसले. घरी मात्र नवऱ्यावर आग पाखडायची. तो म्हणायचा, "रूल आहे यार, तू कशाला टेन्शन घेतेस?"

मग लॉकडाउन ड्रिलचा दिवस आला. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याची तालीम. दिवे बंद, दार लॉक, मुलं कोपऱ्यात चिडीचूप. इथल्या मुलांना सवय असते. हिला बाईंनी सकाळी इंग्रजीत समजावलं होतं, म्हणजे काहीच समजावलं नव्हतं. त्यात नवा नियम पाळला जातोय का ते बघायला आलेली एक साहेबीणही आमच्यासोबत त्याच कोपऱ्यात बसली होती.

बाहेरून कुणीतरी दाराचं हँडल जोरात हलवलं. पोरगी "आई!" म्हणून किंचाळली आणि रडायला लागली. बाई "श्श" करत होत्या, तशी ती आणखीच घाबरत होती. बाळा, हे खोटं-खोटं आहे. एवढं एकच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. साहेबीण माझ्याकडेच बघत होती. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मी पोरीसमोर बसले, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

आपल्याकडच्या बालवाडीतलं कुठलं पोर हे ओळखणार नाही? तिने हुंदका गिळला, घडी घातली, बोट ठेवलं आणि ताठ बसली. दिवे लागल्यावर साहेबीण मला म्हणाली, "व्हेरी नाइस!" त्या कौतुकाची मला शिसारी आली.

पोरगी त्यानंतर तशीच बसून राहिली. मधल्या सुट्टीत डबाही उघडला नाही. बाईंनी तिचं बोट खाली केलं, तिने पुन्हा वर नेलं. ज्याने घडी घालायला लावली त्यानेच सोडायला सांगायची असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि साहेबीण दिवसभर वर्गातच होती.

शाळा सुटल्यावर तिची आई गेटपाशी उभी होती. "काय झालं गं? बोल ना!" पोरगी माझ्याकडे बघत होती, बोट तसंच. साहेबीण आणि प्रिन्सिपल बाई शेजारीच बोलत उभ्या होत्या.

मी वाकले. "घडी सोड, बाळा. बोल आता. मोठ्याने बोल." मोठ्याने तर मीच बोलले होते. त्या दोघींच्या माना वळल्या.

पोरीचं बोट खाली आलं.

"तुम्हाला मराठी येते?" ती म्हणाली. "मग मी रडत होती तेव्हा काहून नाही बोलल्या?"