सुहासची गाडी हुबळीहून आणताना

माझा भाऊ सुहास श्रावणात एका सोमवारी गेला. सकाळी त्याने चहा घेतला, पेपर वाचला आणि तो अंघोळीला गेला. संध्याकाळी आम्ही त्याला कृष्णेच्या घाटावर नेले.

तेव्हा त्याची गाडी हुबळीत होती. सुहास माझ्याहून धाकटा. नोकरीला बंगळूरला, आणि सुट्टीला मिरजेत माझ्याकडे. दोनच माणसांची जागा असलेली, निळी, बुटकी स्पोर्ट्स कार त्याने कुणाकडून तरी जुनी घेतली होती. तिला क्लच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची. त्या शेवटच्या सुट्टीला येताना ती हुबळीजवळ एकाच गिअरमध्ये अडकली. केशवापुरातल्या एका गॅरेजात तिला सोडून तो रेल्वेने घरी आला. लागणारा भाग मुंबईहून यायचा होता.

भाग आला तोवर दिवाळी उलटून गेली होती. गॅरेजचा फोन मीच घेतला. "सुहास सर आहेत का?" मी सांगितले. पलीकडचा माणूस म्हणाला, "अक्का, मग तुम्ही या की."

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केले. वेग हा माझा विषय नव्हे. पण गाडी चालवायला मला सुहासने शिकवले होते, शेजारी बसून, ओरडून. "ताई, चढावर पोचून गाडीच्या विनवण्या करू नकोस. चढ लांबून दिसला की आधीच पाय दे!" त्याची गाडी आणायला दुसऱ्या कुणाला पाठवणे मला जमले नसते.

सकाळच्या गाडीने मिरज सोडली. बेळगावनंतर लोंढ्यापर्यंत दोन्ही बाजूंना रान, खिडकीतून आत येणारा ओला गारवा. अळणावर मागे पडले तशी झाडी विरळ झाली आणि काळी जमीन सुरू झाली. समोरच्या आजींनी विचारले, "कुणाकडं निघालात?" मी म्हटले, "गाडी आणायला." त्यांनी माझ्याकडे, मग आमच्या डब्याकडे पाहिले. "गाडीत बसून गाडी आणायला?" आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. श्रावणानंतर मीही पहिल्यांदा हसले असेन.

गॅरेजचे मालक बाळअण्णा. त्यांचे आजोबा निपाणीकडून तंबाखूच्या व्यापारासाठी हुबळीला आले. नातू इंजिनात रमला. घर गॅरेजच्या मागेच; माझा मुक्काम तिथेच. गाडीवर धूळ बसू नये म्हणून त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी आपली जुनी साडी तिच्यावर अंथरली होती. अण्णांनी ती ओढून काढली आणि माझी नजर दुसरीकडे गेली.

"ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल," अण्णांनी थाटात सांगितले. "आम्ही नुसतं डबा म्हणतो. कुठला गिअर कधी टाकायचा ते हा ठरवतो. आणि अक्का, हा माणूस ओळखतो बरं का! कोण पाय कसा देतो ते बघून ठेवतो आणि तसा वागतो. नवा डबा कोरा. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं."

"म्हणजे जुन्यात सुहासचं चालवणं आहे?"

"आहे की. पण तोच बिघडलाय ना."

"दुरुस्त नाही होणार?"

अण्णांनी वेष्टनातल्या नव्या डब्याकडे पाहिले. त्यांना तो बसवून मोकळे व्हायचे होते. दारातून शालनवहिनी म्हणाल्या, "बघा की जरा. एवढ्या लांबनं आल्यात."

"आत कुठंतरी तारेला डाख दिलेला टाका निखळलाय," अण्णा म्हणाले. "नवा टाका मारून बघतो. किती टिकेल देवाला ठाऊक." पण दुसऱ्या दिवशी जुना डबा जागेवर बसला तेव्हा देवाचे नाव त्यांनी घेतले नाही. "अण्णाचा टाका आहे. हुबळी सोडा, काशीला जावा!"

काशीआधी धारवाडला जायचे ठरले. अण्णा शेजारी, मी स्टिअरिंगवर. उणकलच्या तळ्यापाशी रस्ता मोकळा मिळाला. मी पाय थोडाच दिला. गाडी मात्र गिअर ओढून धरत होती, इंजिन वर वर चढत होते आणि मग उशिरा, एका हिसक्यानिशी, पुढचा गिअर पडत होता. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की मी चहाचे आधण ठेवत असे. धारवाडपर्यंत मी तो ऐकत राहिले.

धारवाडला पेढे घेतले. सुभाष रोडवर ऐन गर्दीत गाडीने एक हिसका दिला आणि ती पुन्हा एकाच गिअरमध्ये अडकली. पुढे बैलगाडीच्या चालीने सरके, मागे सायकली आणि रिक्षा तुंबलेल्या. कापडाच्या दुकानातले मालक पायरीवर आले.

"एवढी लांब गाडी आणि दोघांनाच जागा? सासूनं कुठं बसायचं हो?"

"म्हणून तर घेतात!" समोरची फुलवाली ओरडली.

"बाळअण्णा, तुम्हीच दुरुस्त केली का? मग बरोबर आहे!" मालकांनी अण्णांना ओळखले होते.

अण्णांचे कान लाल झाले. हसत हसत त्याच लोकांनी गाडी कडेला ढकलली, आणि फुलवालीने का कोण जाणे, शेवंतीचा गजरा आरशाला अडकवला. "निधान होग्री, अक्का (सावकाश जा)."

इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, तरी तोच गिअर. तसेच रखडत आम्ही परतलो. उणकलला इंजिन थंड व्हावे म्हणून थांबलो. तळ्याच्या कडेला अण्णांनी गिरमिट (कुरमुऱ्यांचा चटकदार भत्ता) आणि मिरचीभजी घेतली.

"परत टाका मारतो, अक्का," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "परत चालंल. परत मोडंल. इथं माणसं होती. घाटात मोडली तर?"

पाण्यावर पाणकोंबड्या होत्या. मी भजे संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले. टाका पुन्हा मारला तर तो आवाज पुन्हा ऐकायला मिळाला असता. पण गाडी घरी न्यायची होती.

"नवा बसवा," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा बसला आणि गाडी अडाण्यासारखी वागू लागली. नको तिथे गिअर, मधेच अडखळणे. मी घाबरले, अण्णा मात्र खूश. "नवी सून आहे. घर ओळखू दे. दणके देऊ नका, एकसारखा पाय द्या." मग आम्ही केशवापूर ते उणकल अशा कितीतरी फेऱ्या मारल्या. दुपार कलेपर्यंत तिचे अडखळणे कमी झाले. वळणावर ती माझ्या मनासारखी थांबली तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. "शिकली!"

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी निघताना त्यांनी जुना डबा पुढे केला. "नेता का?"

मी तो हातात घेतला. अपेक्षेपेक्षा हलका होता.

"तुमच्याकडंच असू दे," मी म्हटले. "एखाद्या गाडीला काही उपयोगी पडेल."

शालनवहिनींनी जोंधळ्याच्या कडक रोट्ट्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली, आणि पोचल्यावर फोन करायचे वचन घेतले. अण्णा काशीबद्दल काही बोलले नाहीत.

दुपारच्या उन्हात धारवाड गेले, कित्तूर गेले, बेळगाव गेले. गाडी शांतपणे चालली होती, एखाद्या परक्या, सभ्य माणसासारखी. शेवंती सुकत होती. निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट आला. चढ लांबून दिसला, आणि मी काही ठरवण्याआधीच माझा पाय खाली गेला. गाडी क्षणभर थबकली. मग तिने गिअर उतरवला आणि ओढून धरला. इंजिन वर वर चढत गेले. तोच आवाज.

डबा कोरा होता. त्याने सुहासला कधी पाहिले नव्हते, फक्त माझा पाय पाहिला होता. आणि माझ्या पायाला शिकवणारा सुहास होता.

घाट संपल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि एक रोट्टी खाल्ली. मग डोळे पुसले आणि पुढे निघाले. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात आधण ठेवायला कुणी नव्हते; ते मी आत जाऊन ठेवले.

सुहास नाही. गाडी अंगणात आहे. ती चालते, आणि मी चालवते.