तोंड बांधलेल्या वीराचा आवाज मी कसा बंद केला

आवाजावरून माणूस ओळखण्यात मोताळा तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. तोंड फळ्याकडे, पाठ पोरांकडे, अशा अवस्थेत मागून नुसती खुसखुस ऐकू आली तरी मी वळून न पाहता म्हणायचो, "वानखडे, उभा राहा!" आणि वानखडेच उभा राहायचा. (एकदा दोन वानखडे उभे राहिले, पण ते भाऊ होते.)

या कीर्तीला मागच्या वर्षी एका रविवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, माझ्याच घरापुढच्या छपरीत, सगळ्या आळीसमोर जो बट्टा लागला, त्याची ही हकीकत.

प्रज्ञा ही आमची एकुलती एक पोरगी. ती मुंबईला गेली ती आवाज द्यायला. म्हणजे पडद्यावर तोंड हलवतो कोणी परदेशी, आणि मराठीत बोलते आमची प्रज्ञा. हे काम मला कधी कळलं नाही, आणि जे कळत नाही त्यावर मास्तर माणसाकडे एकच औषध असतं: बी.एड.! तिचा फोन आला की मी विचारायचो, "जेवली का?" ती म्हणायची, "हाव." मी लगेच म्हणायचो, "बी.एड.चे फार्म सुटले म्हनते." त्यावर ती म्हणायची, "आईले द्या फोन." दोन वर्षं बापलेकीचा संवाद एवढाच होता.

मग एका गुरुवारी तिने आपणहून मला फोनवर बोलावून घेतलं.

"बाबा, रविवारी अकराले टीव्ही लावजा. माझं काम हाय."

"कशात?"

"अ‍ॅनिमे हाय. जपानचं."

"म्हंजे कार्टून."

"कार्टून म्हना. तो जुन्या जमान्यातला वीर नसते का, तोंड बांधून तलवार चालवनारा, गरिबायच्या बाजूनं लढनारा? त्याची गोष्ट जपानी लोकायनं नव्यानं काढली. मराठीत आमी केली."

"मंग तू कोनती त्यात?"

"ते नाई सांगत. तुमीच ओळखा." आणि लगेच पुढे म्हणाली, "बाबा, पैज लावतो मी. पहिल्या भागात माझा आवाज ओळखला, तं गुपचूप येतो अन् बी.एड.चा फार्म भरतो. नाई ओळखला, तं जल्मात पुन्हा बी.एड.चं नाव काढाचं नाई."

मला हसूच आलं. अख्ख्या तालुक्याचे आवाज ओळखणाऱ्या माणसाशी पैज, आणि तीही स्वतःच्या पोरीच्या आवाजावर! मी मनातल्या मनात फार्मला चिकटवायचे फोटोसुद्धा शोधून ठेवले.

आता अशी हक्काची पैज घरात झाकून ठेवील तो मास्तर कसला! आठवडी बाजारात कांदे घेता घेता मी शेजारच्या गुलाबरावांना सांगितलं. गुलाबराव म्हणजे कपाशीवाले शेतकरी, आणि माझी फजिती पाहायला कपाशीची वेचणी सोडून येणारे.

"पोरगी हिरोईन झाली आपली!" मी म्हणालो.

"तिनं सांगतलं?"

"सांगाले काऊन लागते? पोरगी म्हटली का हिरोईनच असन ना!"

रविवारी साडेदहालाच छपरी भरली. टीव्ही बाहेर आणून धान्याच्या कोठीवर ठेवला होता. प्रज्ञाच्या आईने परातभर कच्चा चिवडा कालवला होता. मी इस्त्रीचा सदरा घालून, हातात रिमोट घेऊन, मधल्या खुर्चीत बसलो. सभेचा अध्यक्ष जणू मीच!

अकराला सुरू झालं. डोंगराखाली एक गाव, गावाला छळणारा एक सुभेदार, आणि एक बावळट पोरगा, ज्याला सगळे हसतात. हाच पोरगा गुपचूप तोंड बांधतो, काळी टोपी घालतो, आणि भिंतीवरून उडी मारून सुभेदाराच्या शिपायांची तारांबळ उडवतो.

"मास्तर," गुलाबरावांनी पहिली शंका काढली, "यायचे डोये एवढे मोठे काऊन हो?"

"जपानी पद्धत हाय ती. गप्प बसा, हिरोईन येऊन राह्यली!"

हिरोईन आली. खिडकीत उभी राहून मंजुळ आवाजात म्हणाली, "कोण आहे तो वीर?" मी ताडकन उभा राहिलो.

"हेच! हेच आमची प्रज्ञा!"

टाळ्या पडल्या. एवढ्यात मागून प्रज्ञाची आई म्हणाली, "ते नाई."

"तुले काय कळते त्यातलं? आवाजाची परीक्षा हाय हे!"

पण पुढच्याच वाक्यात हिरोईन 'काळजी'ला 'कालजी' म्हणाली. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, आणि कालजी? अशक्य! मी खाली बसलो, घसा साफ केला, आणि जाहीर केलं की प्रज्ञा ही वीराला जेवू घालणारी म्हातारी आत्या आहे. म्हातारी खोकली. तो खोकला इतका खरा होता की मी तोही निकाल मागे घेतला. मग सुभेदाराची बायको. मग फुलं विकणारी एक बाई, जी एकच वाक्य बोलून गेली ती परत आलीच नाही.

"मास्तर, चार झाल्या," गुलाबराव बोटं दाखवत म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर वीराची घोडी खिंकाळली. "घ्या, पाचवी!"

छपरी फुटून हसली. मला घाम फुटला. सगळा घोटाळा त्या तोंड बांधलेल्या पोराचा होता! कुठं कोणी बाई बोलायला लागली की हा मध्ये उडी मारून भाषण ठोकायचा. माझ्या परीक्षेत सारखा व्यत्यय! शेवटी मी उपाय काढला. तो बोलायला लागला की मी रिमोटने आवाज बंद करायचो, आणि त्याचे हातवारे थांबले की पुन्हा चालू.

"आवाज वाढवा," प्रज्ञाची आई म्हणाली.

"अवं, थांब ना! हा पोट्टा लय बोलते. त्याच्यापायी प्रज्ञाचा आवाज ऐकू येऊन नाई राह्यला!"

"वाढवा म्हनते ना मी!"

तेहतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. मी वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि हातातला चिवडा हातातच होता. ती उठली, माझ्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

पडद्यावर तो वीर सुभेदारासमोर एकटा उभा होता. बोलायच्या आधी त्याने नाकाने एक छोटा श्वास ओढला.

"ऐकलं?" ती हळूच म्हणाली. "तुमच्याशी भांडाच्या आधी थे अस्साच श्वास घेते. तोंड बांधलेला तोच आपली प्रज्ञा हाय."

"पन तो पोरगा हाय!"

"आवाज पोरीचा हाय."

आणि मग मला ऐकू आलं. तो वीर सुभेदाराला सांगत होता, की तुम्ही मोठे आहात, तुमचा मान आहे, पण माझी वाट तुम्ही ठरवायची नाही. एक अक्षर वर नाही, एक खाली नाही, आणि तरी अंगावर काटा आला. छपरीत चिवड्याचा आवाजसुद्धा थांबला. सुभेदाराची तलवार उडाली तेव्हा गुलाबराव खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की कोठीवरचा टीव्ही हलला.

"मास्तर, पोरगी नाई हो, वाघीन हाय!"

मला खूप अभिमान वाटला. इतका, की मी डोळे पुसायला इस्त्रीच्या सदऱ्याचीच बाही वापरली.

भाग संपायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. सगळे ऐकायला सरसावून बसले. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बाबा, ओळखलं?"

आता पाहा. उत्तर माझ्या खिशात होतं. 'तोंड बांधलेला तूच' एवढं म्हटलं की पैज माझी, फार्म माझा, आणि दोन-तीन वर्षांत पोरगी वर्गात फळ्यासमोर. मी प्रज्ञाच्या आईकडे पाहिलं. ती रिमोट हातात धरून माझ्याकडेच पाहत होती. बत्तीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या, आणि आता बायकोचं पाहून लिहिलेला पेपर माझ्या हातात होता.

"नाई ओळखलं," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं. तुह्या आईनं ओळखलं. मी तं... मी तं अर्धा भाग तुहाच आवाज बंद करून तुहा आवाज शोधत होतो."

मला वाटलं, दुखावली. मी म्हणालो, "माय, चुकलं माह्यं."

तिकडून नाकाने एक छोटा श्वास आला, आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"बाबा, मी पास झाली!"

"कशी काय?"

"सख्खा बाप ओळखू नाई शकला, म्हंजे मुखवटा पक्का बसला ना!"

गुलाबरावांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. मी फोनमध्ये तोंड घालून ओरडलो, "लय भारी केलं व माय तू! लय म्हंजे लयच भारी!" हे वाक्य दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. पण निदान म्हटलं.

त्या दिवसापासून बी.एड. हा शब्द मी तोंडातून काढलेला नाही. उलट बाजारात, बस स्टँडवर, जळगाव जामोदच्या सोयऱ्यांकडे, जिथं जातो तिथं छाती पुढे काढून सांगतो, "आमची प्रज्ञा फार मोठी कलाकार आहे, आणि मला त्यातलं काडीचंही कळत नाही!" पहिल्या गोष्टीचा लोक पुरावा मागतात. दुसऱ्या गोष्टीचा अजून एकानेही मागितलेला नाही.