हिरवट धोतर

परवा टीव्हीवर एका नामांकित खेळाडूचा सत्कार दाखवत होते. तो अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलांत व्यासपीठावर आला, शाल अंगावर घेतली आणि हसत हसत उतरला. बायको म्हणाली, "बक्षीस घ्यायला येताना तरी माणसानं नीट कपडे घालावेत." मुलगा म्हणाला, "आई, त्याचा खेळ बघ ना. कपडे काय बघतेस?" मग दोघं माझ्याकडे बघायला लागली, कारण आमच्या घरातले वाद मोजूनमापून मिटवायचं काम माझ्याकडे असतं. पण त्या वेळी मी खोलीत नव्हतोच. पारनेरच्या पठारावरच्या आमच्या गावात, उन्हं कलताना, धुळीनं पिवळ्या झालेल्या गल्लीत उभा होतो आणि लांबून हलगी ऐकू येत होती.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मी तेव्हा तिशीचा होतो. गावातल्या बहुतेक विहिरींचे तळ उघडे पडले होते. टँकर यायचा, देवळामागच्या विहिरीत पाणी ओतून जायचा आणि बायका ते शेंदून न्यायच्या. कुणी किती न्यायचं यावरून भांडणं व्हायला लागली तेव्हा पंचायतीनं मला तिथं बसवलं. माणशी दोन हंडे, असं मी ठरवून दिलं. तान्ह्या मुलाचाही पुरा हिस्सा धरायचा, कारण त्याचे कपडे जास्त. हे सगळ्यांना पटलं होतं. माझ्या घरच्यांनाही मी तिसरा हंडा दिला नाही.

अशा वर्षी गावची जत्रा करायची का नाही, यावर पारावर बराच खल झाला. शेवटी ठरलं की तमाशा नको, शोभेची दारू नको, पण हगामा व्हायचा. हगामा म्हणजे आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्या. माती काही टँकरनं आणावी लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

हगाम्याची आमच्या गावची एक रीत होती. मोठ्या जोडीचे पैलवान आधी देवळात जायचे. तिथून हलगीच्या मागे, गावातल्या सगळ्या गल्ल्यांतून फिरत फडापर्यंत, म्हणजे कुस्तीच्या मैदानापर्यंत, चालत यायचे. अंगात पांढरा, मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा, खाली पांढरं धोतर, डोक्याला फेटा. गावानं शेवटची, सगळ्यात मानाची कुस्ती ज्याला दिली तो पैलवान सगळ्यांच्या पुढे. फडाशी पोचल्यावर तो कपडे उतरवून आपल्या वस्तादांच्या खांद्यावर ठेवायचा आणि लंगोटावर मातीत उतरायचा. बायका त्या काळी फडाकडे फिरकत नसत. त्या आपापल्या दारात उभ्या राहायच्या. त्यांच्यासाठी कुस्ती म्हणजे एवढंच, पांढरे कपडे घातलेली धिप्पाड माणसं समोरून हळूहळू चालत जाणं. पुढचं त्यांना आरोळ्यांवरून कळायचं.

माझ्या काकीनं आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं अशी चालत जाताना बघितली होती. तिचा एकुलता मुलगा, माझा चुलतभाऊ, पैलवान होता. कुस्ती हेच त्याचं पोट. कोल्हापूरकडच्या तालमीत राहायचा आणि जत्रांच्या दिवसांत पार जामखेडपर्यंत गावोगावचे फड करत फिरायचा. काकीनं मात्र त्याला पैलवान म्हणून चालताना कधीच बघितलं नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदाच पंचांनी आपल्या गावची शेवटची कुस्ती त्याला दिली. निरोप मी टपालानं धाडला आणि काकीला सांगायला गेलो. ती धान्य निवडत होती. म्हणाली, "मंजी आपल्या दारावरनं जायचा?" मी हो म्हणालो. "म्होरं?" "सगळ्यांच्या म्होरं, काकी." मग ती पुन्हा निवडायला लागली, पण सुपातले खडे तसेच राहून गेलेले मला दिसले.

जत्रेच्या आठवड्यात तो एसटीतून उतरला, ते मला अजून स्वप्नात बघितल्यासारखं आठवतं. धुरळा खाली बसेना आणि त्या धुरळ्यातून आधी रंगच दिसले. मोठमोठ्या केशरी फुलांचा बुशशर्ट, वरची दोन बटणं उघडी. कानांवर आलेले केस. आणि खाली बेलबॉटम. आमच्या गावात तोपर्यंत बेलबॉटम आली नव्हती. तिचा तळ चोवीस इंच भरला. मी नंतर दोरीनं मोजला होता.

पारावर वस्ताद बसले होते. आमच्या गावच्या तालमीचे आणि हगाम्याच्या पंचांचेही तेच प्रमुख, आणि याला लहानपणी पहिला डाव त्यांनीच शिकवलेला. त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं.

"ह्या एका पायात दोन मानसं मावत्यात," ते म्हणाले. "दुसरा कुटं उतरला?"

पारावर हशा पिकला. तोही हसला, त्यांच्या पाया पडला.

"शेरात समदे पैलवान घालत्यात, वस्ताद."

"घालू देत. परवा देवळातनं निघताना धोतर पायजे. पांढरं."

"कुस्ती तर लंगोटावर खेळायची. येताना काय घातलं त्याचं काय एवडं?"

"मंग देवळातनं लंगोटावरच ये की," वस्ताद म्हणाले. "आयाबहिनी दारात उभ्या असत्यात. अंग फडात काढायचं, रस्त्यात न्हाई. धोतर नसंल तर शेवटची कुस्ती दुसऱ्याला देतो. मला दोन मिन्टं लागत न्हाईत."

आणि ते देणार होते. वस्तादांनी एकदा मनगटाच्या वर बाह्या दुमडल्या म्हणून आपल्या सख्ख्या भाच्याला मिरवणुकीतून काढलं होतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

घरी जाताना मी त्याला म्हणालो, "अरे, घाल ना धोतर. एक दिवसाचा प्रश्न आहे."

त्यानं ट्रंक उघडून दाखवली. धोतर होतं, सदराही होता. पण फडामागून फड, एसटीच्या टपावरचा प्रवास आणि दोन महिने पाण्याचं दर्शन नाही, त्यामुळे दोन्ही कपडे पोत्याच्या रंगाचे झाले होते. "दादा, हा फुलाफुलाचा शर्ट टेरिलिनचा हाय. तांब्याभर पान्यात पिळला का झालं, डागबी दिसत न्हाई. धोतर पांढरं करायला किती पानी लागंल, तूच सांग. तुला समदं ठावं असतं."

मी मनात मांडलं. भिजवायला, साबणाला, दोनदा खळबळायला, निळीला. सदरा आणि धोतर मिळून पाच हंडे, हात आखडून केलं तर चार.

"चार," मी म्हणालो.

"म्हंजी आमच्या दोगांचा समदा हिस्सा. आई ऊन डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहती आन् मी ते धोतरावर वतू? शेवटची कुस्ती गेली तर गेली."

काकी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या कुणाचं धोतर मागून आणावं, तर बाकीचे पैलवान बाहेरगावचे, आपापले कपडे घेऊन येणारे, आणि गावात पांढरं म्हणावं असं धोतर त्या वर्षी एकट्या वस्तादांकडे होतं. त्यांनी ते मागच्या जत्रेनंतर गादीखाली घालून ठेवलं होतं आणि ते त्यांच्याच अंगावर असणार होतं. दुसऱ्या दिवशी काकी रांगेत आली. तिनं चार हंडे शेंदले. माझ्याकडे एकदा पाहिलं. पाचवा मागितला नाही आणि मी दिला नाही. आजही दिला नसता. तिच्यामागे बेचाळीस बायका उभ्या होत्या.

ती काय करणार ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो सकाळी तालमीत गेल्यावर तिनं घमेल्यात धोतर आणि सदरा भिजवला. अंघोळ केली नाही, भांडी राखेनं कोरडीच घासली, भाकरीचं पीठ मळण्यापुरतं पाणी बाजूला ठेवलं. पण त्या विहिरीचं पाणी म्हणजे तळचा गाळ ढवळून आलेलं, हळदीचा हात बुडवावा तसं पिवळं. पिवळेपणा जाईना म्हणून तिनं निळीची अख्खी पुडी ओतली. पाणी भरपूर असताना ती चिमूटभर घालायची.

धोतर वाळलं आणि हिरवट निघालं. सगळीकडे सारखंही नाही. निऱ्यांच्या जागी पोपटी, काठाशी निळं, मधेच एखादा ढग. मी गेलो तेव्हा ती वलणीखाली बसली होती आणि धोतर तिच्या डोक्यावर हलत होतं. इतक्या महिन्यांत त्या रंगाचं काही डोळ्यांपुढे आलं नव्हतं. मी बघतच राहिलो.

"पांडरं झालं न्हाई रे," ती म्हणाली. "आता काय करू?"

दारात तो येऊन उभा होता. त्यानं ओटीवरची कोरडी घागर पाहिली, धोतर पाहिलं. रागावेल असं मला वाटलं. त्यानं ते वलणीवरून काढलं, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघांनी ताणून त्याची घडी घातली.

धुण्याचं पाणी काकीनं टाकलं नव्हतं. त्यात शेण कालवून तिनं ओटा सारवला. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळच्या उन्हात त्या ओट्यावर एक निळसर झाक दिसायची.

जत्रेच्या दिवशी देवळापुढे माणसं जमली. तो त्या धोतरात, त्याच रंगाच्या सदऱ्यात बाहेर आला आणि क्षणभर हलगीवाल्याचा हात थांबला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्या साली पयल्यांदा हिरवं रान दिसलं!"

दुसरा म्हणाला, "जनावरं लांब धरा रं, चरत्याल त्येला!"

हसण्याची लाट उसळली. मी वस्तादांकडे बघत होतो. ते पांढरेशुभ्र, गादीखालच्या घड्या अंगावर तशाच. ते त्याच्यापाशी गेले आणि धोतराचा काठ दोन बोटांत धरून चुरगाळला. बोटांना नीळ लागली.

"कुनी धुतलं?"

"आईनं."

वस्तादांनी ती दोन बोटं एकमेकांवर चोळली. मग मागं वळून म्हणाले, "हसतंय कोन? पांडरंच हाय. वाजीव रं!"

हलगी वाजली. आमची गल्ली आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तो पुढे, त्याच्या मागे हात-दोन हात रिकामी जागा, मग बाकीचे. काकी ओट्यावर उभी होती, पदर घट्ट आवळून. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, तशी रीतच नव्हती. तो फक्त जरा हळू झाला. सगळ्या गल्लीतल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या आणि काकी त्या बायकांकडे बघत होती.

कुस्ती तो हरला. समोरचा साखर कारखान्याच्या तालमीतला होता, दूध-तुपावर पोसलेला. आमच्या पैलवानाचा त्या वर्षीचा खुराक माझ्याच्यानं सांगवत नाही. सुरुवातीला चांगला खेळला, मग दम तुटला आणि पाठ मातीला लागली. जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो तसाच उघडा, गुलाल माखलेला, साऱ्या फडाला फिरला आणि ते सुंदरच दिसत होतं. हा मात्र मधोमध उभा राहिला. एवढं मोठं अंग आणि त्याचं काय करावं हे त्याला कळेना. हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

वस्ताद भराभर आत गेले. त्यांच्या खांद्यावर सगळा वेळ ते धोतर होतं. त्यांनी स्वतः ते त्याच्या कमरेला गुंडाळलं, सदरा डोक्यावरून घातला, लहान मुलाला घालावा तसा, आणि बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मी जवळच होतो. ते पुटपुटले, "जितल्याला कुनी काय म्हनत न्हाई. नागवा फिरला तरी गुलाल लावत्यात. कापड ह्यासाटी लागतं रं पोरा." त्यांच्या घामानं भिजलेल्या खांद्यावर धोतराची नीळ उतरली होती. तो डाग घेऊनच ते फडातून बाहेर पडले.

मी आणि तो परत निघालो तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. आरोळी कुणाची झाली ते घराघरांत कळलं होतं. कोपऱ्यावर तो थांबला. धोतर सोडून त्यानं पुन्हा नीट नेसलं, एकेक निरी जुळवत, आणि मला विचारलं, "दादा, मागनं ठीक हाय का?" मी त्याचा सदरा खाली ओढला. आतली माती दिसत नव्हती.

काकी ओट्यावरच होती. तिनं कशी झाली ते विचारलं नाही. तो तिच्या शेजारी बसला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सदऱ्याच्या आत माती सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"लई चांगलं दिसत हुतं धोतर," ती म्हणाली. "समद्या बायका बघत हुत्या."