पावसाळ्यातलं खळं

हिराबायचं नाव आधी घेतो. बाकीचं नंतर. बाकीचं सांगताना माझी जीभ अडखळणार, हे मला ठाऊक आहे — आणि त्या गडबडीत तिचं नाव मागं पडलं, तर तो आणखी एक अपराध व्हायचा.

सारसोळ्याची हिराबाय. कोळीण. नेरूळच्या बाजारात मासळी विकते, गुडघे धरलेत तरी विकते. आज मी जो काही आहे — दोन खोल्यांचं घर, शाळेत जाणारी मुलगी, हाताला काम — ते तिच्यामुळे. हे मी नेहमी सांगतो, कुणीही विचारलं तर सांगतो. पुढचं मात्र कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा थोड्याच दिवसांत हेच मला सगळ्या गावासमोर उभं राहून बोलायचं आहे, तर त्याआधी एकदा तोंडातून काढून बघावं — आवाज फुटतो का, ते.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, मग शेतात, मग वीटभट्टीवर, मग वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती उचलायला. तिथं एका सकाळी ताप भरला. उभं राहवेना, म्हणून एका मासळीच्या पाटीशेजारी जमिनीवरच बसलो. पाटी घेऊन गाडीची वाट बघत हिराबाय उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. मासळीचा, ओला, गार हात.

"गाव कुठला रं तुझा?"

सांगितलं.

"लांब हाय?"

"लई लांब."

"मंग इथं कोन बघनार तुला? ऊठ. आमच्या घरामागं खोली हाय, जाळी ठेवतो तिथं. जाळी सरकवीन एका बाजूला."

जाळी सरकली ती सरकलीच. मी त्या खोलीत ताप उतरेपर्यंत राहणार होतो, लग्न होईपर्यंत राहिलो. भाडं विचारलं की ती म्हणायची, "जाळ्यांकडनं कधी घेतलं काय भाडा?"

आता खळ्याबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाव आणि खाडी यांच्या मध्ये एक सपाट तुकडा आहे. पाऊस सरला की गावातल्या बायका तिथलं गवत काढतात, जमीन चोपतात, शेणानं सारवतात, सगळ्यांत म्हातारी बाई नारळ फोडते. मग हिवाळा-उन्हाळाभर तिथं जवळा सुकतो — बारीक कोळंबी, उन्हात गुलाबी होत जाणारी. त्याला ते खळा म्हणतात. मला पहिल्याच दिवशी तो शब्द ओळखीचा लागला होता. आमच्याकडे ज्वारीचं खळं, यांच्याकडे जवळ्याचं. सारवण तेच, अनवाणी चालणं तेच. आणि पावसाळ्यात दोन्हीकडे गुडघाभर गवत — खळं आहे असं कुणाला सांगूनही पटू नये, असं. हे लक्षात ठेवा. हे मला माहीत होतं. इतर कुणापेक्षाही जास्त माहीत होतं.

मी जाळ्यांच्या खोलीत राहत होतो, तेव्हाच खाडीच्या बाजूनं नवा मोठा रस्ता न्यायचा विचार सुरू झाला. रस्ता काही वाईट नाही हो, मी त्याच्या विरोधात नाही. शहर ऐरोलीपासून इकडंपर्यंत फुगत चाललंय, सकाळी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, ॲम्ब्युलन्सलासुद्धा वाट मिळत नाही. रस्ता हवाच. तो कुठून जावा, एवढाच प्रश्न होता. जमीन मोजायला एका कंपनीची माणसं आली. त्यांना सोबत गावचा माणूस हवा होता — कुठली वाट कुणाची, कुठली जागा कशाची, हे सांगणारा. गावच्याच माणसाला काम द्यायचं, असं ठरलेलं होतं.

हिराबायनं मला पाठीत ढकलून पुढं केलं. "ह्याला न्या. आमचाच पोर हाय."

मोजणीवाल्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "गावचेच ना?"

"मंग काय भायेरचा दिसतो?" हिराबाय म्हणाली. तिचा भाचा मागून ओरडला, "खेकडा बघून पळतो, पन आपलाच हाय!" सगळे हसले. मीही हसलो. तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं आणि सगळ्या गावानं ते हसत उचलून धरावं — असं माझ्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

काम सोपं. टोकाला काच बसवलेली काठी धरून सांगतील तिथं उभं राहायचं. काठीला पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधोमध राहिला म्हणजे काठी सरळ. मॅडम लांबून यंत्रातून बघत. मला ते काम फार आवडलं. पोतं उचलायचं नाही. कुणी शिवी देत नाही. "दादा, जरा डावीकडे," म्हणतात.

पावसाची उघडीप होती. खळ्याच्या खाडीकडच्या कोपऱ्यात मी काठी धरून उभा होतो. गवत मांडीला लागत होतं. मॅडम चिखल तुडवत जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "दादा, ही जागा कशाला वापरतात?"

मी म्हणालो, "कशालाच नाही, मॅडम. मोकळी पडलेली आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

"नक्की."

बस. एवढंच. एवढंच आहे ते.

का? — हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याची उत्तरंही गुळगुळीत झाली आहेत. पहिलं उत्तर भीतीचं. मी मुळात घाबरट माणूस. कुलूप लावलं तरी जिन्यावरून परत येऊन ओढून बघतो. वाटलं, जवळा म्हटलं की त्या पुढचं विचारतील — कधी सुकवता, किती दिवस, कुठल्या जाळ्यात मिळतो — आणि माझ्या बोलण्यावरून कळेल की हा गावचा नाही. काम जाईल. पुन्हा पोती. "मोकळी आहे" म्हटलं की पुढं प्रश्नच नाही.

हे उत्तर खरं आहे. पण पुरतं खरं नाही. त्याच्या खाली आणखी एक आहे, आणि ते काढायलाच मी इतका वेळ घेतोय. मॅडम माझ्याशी अदबीनं बोलत होत्या. पायात कंपनीनं दिलेले बूट होते. आणि मला — मला त्या क्षणी सुकटीच्या वासाचा माणूस व्हायचं नव्हतं. त्या वासात मी राहत होतो, जेवत होतो, त्या वासानं मला तापातून उठवलं होतं. तरी माझा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मला दाखवायचं होतं. भूक नव्हती, सक्ती नव्हती. लाज होती. जिनं मला आपलं म्हटलं, तिची लाज.

आणि गंमत बघा — माझा शब्द गावाचा शब्द म्हणून गेला. कारण मी 'गावचाच' होतो ना.

पुढं काही वर्षं रस्त्याचं कुणी नाव काढलं नाही. मी त्याच कंपनीत टिकलो, लग्न झालं, जाळ्यांची खोली सुटली. दर वर्षी खळ्यावर जवळा पसरायचा आणि हिराबाय माझ्या घरी पिशवी पाठवायची. मी खायचो. घशाखाली जायचा, हे आणखी वाईट.

मग मागच्या पावसाळ्याअखेर एका हॉलमध्ये रस्त्याचे नकाशे लावले. लोकांनी बघावं, हरकत असेल तर सांगावी. हिराबायनं मला बोलावून घेतलं. माझं कोपर धरून ती भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिली. "आपला खळा कुठं हाय, दाव."

मी बोट ठेवलं. बोटाखाली लिहिलं होतं — मोकळी जागा. तिच्यावरून लाल रेघ सरळ गेली होती.

मी वाचून दाखवलं. मागं गलका झाला. हिराबाय माझ्याकडे वळली. "तू व्हतास ना त्यांच्यासंगती? तू सांगितलं नाय?" मी तोंड उघडायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "सांगितलं अशील. तू सांगनार नाय, असं व्हईल काय? त्यांनीच कानाआड केलं."

मी मान हलवली. हो अशी.

पहिलं खोटं घाईत बोललो होतो. हे दुसरं मी तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

तेवढ्यात त्याच मॅडम समोर आल्या. नकाशे समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. हिराबायनं त्यांना गाठलंच. "ए बाय, इकडं ये. या पोरानं तुला सांगितलेलं ना, इथं जवळा सुकतो म्हनून? मंग मोकळी कशी झाली गो जागा? डोळं काय पावसात भिजलेलं तुझं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं आठवत होतं, ते मला दिसलं. मी खाली बघितलं.

"माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल, आजी," त्या म्हणाल्या.

माझ्यासाठी खोटं बोलणारी ही दुसरी बाई. मी काय केलं होतं यांच्यासाठी?

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला थांबवलं. "दादा, तुम्ही गावचे नाही ना?"

"नाही, मॅडम."

"मला तेव्हाच कळलं होतं. खेकडा दिसला की काठीसकट उडी मारायचात."

"मग मला काढलं का नाही?"

"काठी सरळ धरायचात म्हणून."

म्हणजे बघा. ज्या भीतीपायी मी ते बोललो, ती भीतीसुद्धा पोकळ होती.

मग त्या म्हणाल्या, "रेघ अजून कागदावर आहे. कागदावरची रेघ सरकते. हरकतींच्या सुनावणीला या, आणि मोजणीच्या वेळी काय सांगितलं होतंत, ते तुम्ही स्वतः सांगा. गावच्या माणसानंच मोकळी म्हटलं होतं, असं नोंदलेलं आहे. त्याच माणसानं ते खोडलं तर फरक पडेल." रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

या हिवाळ्यात त्या खळं बघायला स्वतः आल्या. चपला बाजूला काढून कडेकडेनं चालल्या. सगळं खळं गुलाबी झालं होतं, बायका जवळा उलटत होत्या. हिराबायनं त्यांना बसवलं, चहा दिला, पिशवी भरून जवळा दिला. "कांद्यात परत. आनि डोळं उघडं ठेव आता." दोघी हसल्या. रस्ता नाल्याच्या बाजूनं थोडा वळवता येईल का, हे त्या तपासत आहेत. येईल, असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही येणार, असंही म्हणाल्या नाहीत. मला मात्र — का कोण जाणे — वाटतंय की येईल. मी सहसा चांगलं होईल असं धरून चालत नाही. या वेळी चालतोय.

सुनावणीला हिराबाय पहिल्या रांगेत बसणार. गावात ती अजूनही सांगत फिरते, "आमच्या सुभाषनं सांगितलेलं, सायबांनी ऐकलं नाय." मी उभा राहीन, माझं गाव हिंगोलीकडचं म्हणून सांगीन, आणि मग ते वाक्य. तिच्याकडे बघूनच बोलेन. नंतर ती काय करेल, ते तिचं.

आणि एक. पाऊस सरला की खळ्यावरचं गवत निघेल. सारवणं हे बायकांचं काम समजतात, त्यांच्यात आणि आमच्यातही. पण मला येतं, आईच्या हाताखाली शिकलोय. हिराबाय, त्या दिवशी मी शेणाची पाटी घेऊन येईन. तू माझ्याशी बोलत असलीस तरी, नसलीस तरी. या वर्षी तुम्ही सगळ्यांनी हात लावू दिला नाहीत तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. आणि खाडीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करीन — मी काठी धरून उभा होतो, तिथून.