उंच झालेल्या तारा
शिसवाच्या भुशाचा वास आला की नवापूरचे सुतारचाचा आठवतात. अर्धांगवायूनंतर मोठ्या भावाची डावी बोटं तारा दाबेनात, म्हणून मी माझी गिटार त्यांच्याकडे नेली. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी नळी सरकवून वाजवता यावी, यासाठी चाचांनी मानेच्या टोकाशी शिसवाची उंच पट्टी चिकटवून तारा वर उचलल्या. "आते हाई निंघाव नही," हाताला लागलेला सरस पुसत ते समाधानाने म्हणाले. घरी भावाने नळी धरली. ती तारांवर एकदा कण्हली आणि फरशीवर पडली. मी पुन्हा त्याच्या मुठीत दिली, पुन्हा पडली. "मन्हा हात आयकत नही रे भाऊ," तो म्हणाला. पट्टी अजून घट्ट आहे, आणि त्या तारा आता माझ्याही बोटांनी दबत नाहीत.