पासष्ट टक्के ओल

वेणीमाधव करकमकर सरकारी बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं लेखनिक होते. त्यांना पियानो वाजवता येतो हे खात्यात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही.

त्यांचं घर सोलापुरात, सात रस्ता चौकापासून चालत पाच मिनिटांवर. माझं त्यांच्या मागच्या बोळात. मी सूतगिरणीत एकतीस वर्षं काम केलं. गिरणीत सूत कातायच्या खात्यातली हवा ओली ठेवायची, हे माझं काम. सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत तुटतं. त्यासाठी पाण्याचे फवारे आणि पंखे असतात. ते सांभाळायचे आणि भिंतीवरच्या घड्याळासारख्या यंत्राचा काटा पासष्टवर ठेवायचा. म्हणजे हवेत पासष्ट टक्के ओल. गिरणी बंद पडली त्या दिवशीही काटा पासष्टवर होता.

आमची ओळख त्यांच्या निवृत्तीनंतरची. सकाळी दूध आणायला जाताना त्यांच्या खिडकीतून सूर यायचे. नऊ दिवस मी तोच एक तुकडा ऐकला. दहाव्या दिवशी दार वाजवलं.

"रोज तेच का वाजवता?"

"जमत नाही म्हणून," ते म्हणाले.

हे उत्तर मला पटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

पियानो त्यांनी तरुणपणी घेतलेला. एका मिशन बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातला. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या ऑर्गनवाल्यानं दोन वर्षं शिकवलं आणि तो वारला. पुढचं सगळं रेडिओवरून. परदेशी स्टेशनवर जॅझ लागायचं. आवाज यायचा, जायचा. मधला भाग खरखरीत बुडाला की ते तो आपल्या मनानं भरायचे.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ठोका कळतो. आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेलंय.

"तुमचा उजवा हात मागं पडतोय," मी एकदा म्हणालो.

"पाडायचा असतो. डावा हात रस्त्यानं सरळ चालतो. उजव्यानं रेंगाळायचं, पण हरवायचं नाही."

"मग सरळ वाजवायला काय झालं?"

"सरळ वाजवायला छत्तीस वर्षं ऑफिस होतं की."

ते फार बोलत नसत. पण फुरसतीवर बोलायचे. कट्ट्यावर दिवसभर बसलेल्यांकडे रिकामा वेळ असतो, फुरसत नसते, असं त्यांचं म्हणणं. फुरसत कमवावी लागते, तिच्यात घाम गाळावा लागतो. पूर्वी गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं, कामाला जायचं, परत यायचं, आणि उरलेल्या वेळात तालमी, भजनं, मेळे करायचं. आता भोंगा नाही आणि उरलेला वेळही नाही, सगळा दिवस नुसता सांडलेला. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला की ते तोच सूर पियानोवर शोधून त्याला उत्तर द्यायचे. प्रेमलावहिनी आतून म्हणायच्या, "झाली यांची जुगलबंदी."

चाळीस वर्षं त्यांनी असं एकट्यानं वाजवलं. हे संगीत चार जणांचं असतं, ऐकणारे समोर असावे लागतात, हे त्यांनीच मला सांगितलेलं. सोलापुरात ते चार जण मिळाले नाहीत. ऐकायला मी होतो, तोही हिशेबात धरण्यासारखा नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्यांची मुलगी भार्गवी पुण्याहून आली. आईचे गुडघे गेले होते, वडिलांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. जूनमध्ये दोघांना पुण्याला न्यायचं, घर विकायचं, असं ठरलं. तिच्या घरात पियानोला जागा नव्हती. ती रडली, पण जागा नव्हती हे खरं होतं.

वेणीमाधवरावांनी एकच मागितलं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरी दहा-बारा माणसं बोलवायची आणि एक तास वाजवायचं. आयुष्यात एकदा माणसांसमोर. मग पियानोचं काहीही करा.

पण पियानो धड नव्हता. प्रत्येक तारेचं टोक लोखंडी खुंटीला गुंडाळलेलं असतं आणि खुंटी आत लाकडात ठोकलेली असते. आमच्या उन्हानं ते लाकूड आकसलं होतं. तीसेक खुंट्या सैल. सूर लावला की चार दिवसांत उतरायचा.

मी म्हणालो, "हवेत ओल पाहिजे. लाकूड फुगंल आन् खुंटी धरंल. एवढंच हाय."

"तुम्हाला जमेल?"

"एकतीस वर्षं काय केलं मग मी?"

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

मार्चमध्ये काम सुरू केलं. खिडक्यांना प्लास्टिक लावलं. पियानोच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या तीन-तीन पन्हळी ठेवल्या, त्यांत गोणपाटं सोडली, कूलरचा पंप आणि पंखा जोडला. जुन्या बाजारातून काट्याचं यंत्र आणलं. पहिल्या दिवशी काटा बावीसवर होता. तीन आठवड्यांत पासष्टवर नेला. रोज चाळीस लिटर पाणी लागायचं. लाकूड फुगलं. खुंट्या घट्ट झाल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला पुण्याहून सूर लावणारा माणूस आला. दोन दिवस त्यानं काम केलं, चांगलं केलं. जाताना म्हणाला, "काका, हवा आता अशीच ठेवा. एकदम कोरडी होऊ देऊ नका. जुनं लाकूड आहे, एवढा हिसका सोसणार नाही."

त्यानंतर दोन आठवडे वेणीमाधवराव रोज चार तास वाजवत होते. डावा हात चालायचा, उजवा रेंगाळायचा. मलासुद्धा कळायला लागलं होतं. कधी तरी वाटायचं, आता हरवला. नेमका त्याच वेळी तो परत यायचा.

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. हे लहान पोरालाही ठाऊक आहे. आम्ही पिंपं भरून ठेवायचो आणि दिवस काढायचो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाचव्या दिवशी पाणी आलं नाही. सहाव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी बोळातली बोअर आटली. टँकर आला तर माणशी दोन घागरी. मी माझ्यातली एक पन्हळीत ओतत होतो. वेणीमाधवराव त्यांच्या दोन्ही.

प्रेमलावहिनी दारात उभ्या राहिल्या. "चनबसप्पाभाऊ, दोन दिवस मी अंघोळ केली नाही. आणि हे लाकूड मात्र न्हातंय."

"रविवारपर्यंत फक्त, वहिनी."

"आणि आम्ही काय प्यायचं? यांचं जॅझ?"

वेणीमाधवराव हसले. त्यांनी पन्हळीजवळ आणलेला पिण्याचा हंडा उचलला आणि स्वयंपाकघरात परत ठेवून आले. मग माझ्याकडे बघितलं. मी पंप बंद केला. वहिनींचं बरोबर होतं.

काटा अठ्ठावन्नवर आला. मग एकेचाळीस, तीस. गोणपाटं वाळून कडक झाली. बुधवारी तो चोवीसवर होता. गुरुवारी दुपारी आम्ही दोघं चहा पीत होतो, तेव्हा पियानोच्या आत आवाज झाला. सुपारी फुटावी तसा. एकदाच.

वेणीमाधवरावांनी कप ठेवला, उठले आणि डावीकडची एक पट्टी दाबली. सूर आला नाही, भणभण आली. शेजारची दाबली. तीही तशीच. डावीकडच्या सगळ्या जाड तारा उतरल्या होत्या. मी पाना घेऊन खुंट्या आवळायचा प्रयत्न केला. खुंटी धरेना, पाना कणकेत फिरवल्यासारखा फिरत राहिला. पाणी शनिवारी आलं. आता त्याचा उपयोग नव्हता.

"रद्द करा, बाबा," रविवारसाठी पुण्याहून आलेली भार्गवी म्हणाली.

"माणसांना सांगितलंय," ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी पाचला अकरा माणसं आली. शेजारचे, खात्यातले जुने. वेणीमाधवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते बसले, डावा हात मांडीवर ठेवला आणि फक्त उजव्या हातानं वाजवायला लागले. मी बाजूला उभा होतो, मला दिसत होतं. मांडीवरच्या हाताची बोटं चालत होती. सगळी, बरोबर ठोक्यावर. आवाज मात्र एकाच हाताचा येत होता. ज्याच्या जिवावर रेंगाळायचं तोच रस्ता नव्हता. लोकांना वाटलं, मधेमधे थांबतायत. एकानं मोबाईल काढला. तासाचं ठरलं होतं. बारा मिनिटांनी त्यांनी झाकण लावलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खात्यातले अमरेश म्हणून होते. ते म्हणाले, "छान वाजवता की हो. कधी बोलला न्हाईत. पण गाणं कुठलं होतं हे?"

"अर्धंच होतं," वेणीमाधवराव म्हणाले.

मग चिवडा आला, चहा आला, आणि पाण्याचा विषय निघाला. कुणाच्या गल्लीत कधी आलं, किती वेळ आलं. सगळे तासभर बसले. त्यात वेणीमाधवरावही बोलत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंगारवाला आला. तो घणानं फोडणार होता. मी त्याला चार दिवसांनी ये म्हणालो. काम करायचं तर नीट करायचं. तारांचा ताण एकदम सोडला तर आतली लोखंडी चौकट फुटते आणि माणसाला लागते. दोनशेवर तारा आहेत. प्रत्येक खुंटी पाव फेरा सैल करायची, पुढच्या तारेवर जायचं, सगळ्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. तीन दिवस लागले. वेणीमाधवराव समोर खुर्ची घेऊन बसायचे. वाजवणं त्या रविवारनंतर नाहीच. बोलणंही कमी.

"वय झालं होतं त्याचं," दुसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले. "शंभराच्या वरचा आहे. भार्गवीलाही तेच सांगितलं मी. कधी ना कधी जायचाच."

मी पुढच्या खुंटीवर पाना चढवला. मलाही ते खरं ठरायला हवं होतं. आत जुनी चीर असेल, धूळ साचलेली, काळी पडलेली, अशी माझी आशा होती. तशी निघाली असती तर दोष माझा नव्हता.

तिसऱ्या दिवशी चौकट उचलली. खाली खुंट्यांचं लाकूड होतं. डावीकडं हातभर चीर. मी बॅटरी मारून बघितली. आतलं लाकूड स्वच्छ, पिवळट, ताजं. धुळीचा कण नाही. बाकी सगळं लाकूड शाबूत होतं. कोरडं राहू दिलं असतं तर सैल का होईना, ते कसंबसं टिकलं असतं. मी त्याला फुगवलं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात रोजच्या पाण्यावर त्याला उभं केलं.

ते खुर्चीतून पुढं वाकले. "जुनी आहे ना चीर?"

मी बॅटरी पुन्हा चिरेवर धरली. मग म्हणालो, "न्हाय. नवी हाय. त्या गुरुवारची. मी केलेली."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आत बघितलं. बोटानं चिरेची कड चाचपली.

"म्हणजे अजून वाजला असता," ते म्हणाले.

"वाजला असता."

ते मागं टेकून बसले. मी स्क्रू एका डब्यात आणि खुंट्या दुसऱ्या डब्यात भरायला लागलो. वहिनींनी आतून विचारलं, जेवायला वाढू का.