अक्का आणि बंद पडणारा गीझर

धुळ्याच्या अक्का माणसांशी शुद्ध मराठीत बोलत आणि यंत्रांशी अहिराणीत. शेगडी असो की गॅसचा गीझर, समोर बसल्या की पत्र्यावर दोन बोटं टेकवत आणि आजारी नातवाला विचारावं तसं विचारत, "काय व्हयनं रे तुले?" मग पत्र्याजवळ कान नेत. तुमचे आजोबा चिडवायचे, "अक्का, तो उत्तर देतो का?" अक्का मान वर न करता म्हणायच्या, "देतो. तुझ्यापेक्षा लवकर देतो."

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. ईरा, तू त्यांना फारसं पाहिलेलं नाहीस. चिन्मयला आठवत नसलं तरी त्याचा त्यांच्याशी फार जवळचा संबंध आला. तो सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

धुळ्यात अक्कांच्या यजमानांचं शेगड्या आणि गीझर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. अक्का हिशेब बघायच्या आणि बघता बघता काम शिकल्या. यजमान गेल्यावर नातेवाइकांनी दुकान विकायचा सल्ला दिला. तेरावं झालं आणि अक्कांनी शटर उघडलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मालक कुठं आहेत?" अक्का हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवायच्या. "मालक भिंतीवर आहेत. काम मला सांगा."

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. गीझरमधले सेल, मग पाण्याचा जोर, मग ठिणगी, मग गॅस. नळीला गळती आहे का हे त्या साबणाचा फेस लावून बघत, आणि फेस लावायला यजमानांचा दाढीचा ब्रश वापरत. नवा ब्रश घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "यांना सवय आहे कामाची." हे सगळं झालं की ज्योत बघायची. निळी असली तर ठीक. पिवळी दिसली की त्या यंत्र सोडून खोलीभर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "इथं हवा कुठून येते?"

एका गोष्टीचा मात्र त्यांना मनस्वी राग होता. गीझरमध्ये एक सेन्सर असतो. ज्योत नीट जळेनाशी झाली की तो गॅस बंद करतो. काही कारागीर त्याला वगळून तारा परस्पर जोडून देतात, म्हणजे गीझर काही झालं तरी चालू राहतो. याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. दोंडाईचाचे एक हॉटेलवाले त्यासाठी गीझर घेऊन आले, तेव्हा अक्कांनी तो जसाच्या तसा त्यांच्या गाडीत ठेवायला लावला. "बंद पडतो ते त्याचं शहाणपण आहे," त्या म्हणाल्या. "ते काढून घ्यायचे पैसे मी घेत नाही."

आता चिन्मयची गोष्ट. तुमची आई बाळंतपणाला जळगावला आमच्याकडे आली होती. हिवाळ्याचे दिवस होते. रोज सकाळी मालिशवाली सखूबाई यायची, बाळ-बाळंतिणीला तेल लावून बाथरूममध्ये न्यायची आणि दार घट्ट लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायची. गीझर आतच होता. पहिले काही दिवस ठीक गेले, मग तो पेटून थोड्या वेळाने विझू लागला. सखूबाई पुन्हा पेटवायची, पुन्हा विझायचा. गल्लीतल्या कारागिराने पाहिलं आणि सेन्सर बिघडलाय, दुपारी येऊन डायरेक्ट करून देतो, म्हणाला.

नेमक्या त्याच सकाळी अक्का डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन धुळ्याच्या बसने आल्या. बाळ-बाळंतीण न्हाऊन नुकतीच बाहेर आली होती. तुमच्या आईचं डोकं दुखत होतं, गरगरत होतं. रोजच होतं, अशक्तपणा आहे, असं आम्ही म्हणत होतो. बाळ न्हाल्यावर कसं गाढ झोपतं, हे मी कौतुकाने सांगितलं. अक्कांनी एकच विचारलं, "आणि गीझर विझतो?" हो म्हणताच त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि चपला पायात तशाच ठेवून बाथरूममध्ये गेल्या.

मी मागोमाग गेले. सेल चांगले होते, ठिणगी टकटक पडत होती, पाणी जोरात होतं. ज्योत पेटली ती निळी, आणि दार लोटून घेतल्यावर बघता बघता पिवळी झाली. अक्कांनी वर पाहिलं. झरोक्यात पुठ्ठा ठासून बसवलेला होता. रावेरहून आलेल्या केळीच्या खोक्याचा, वर छापलेल्या केळीच्या घडासकट.

पुठ्ठा सखूबाईने लावला होता आणि तिला त्यात काही चुकलंसं वाटत नव्हतं. "बाळंतिणीले वारं लागनं तं जलमभर हाडं दुखतीन," ती म्हणाली. अक्का तिच्यावर ओरडल्या नाहीत. "हाडं दुखायला माणूस जिवंत लागतं, सखू," एवढंच म्हणाल्या. मग गीझरचे दोन्ही सेल काढून पर्समध्ये टाकले आणि सांगितलं, की कारागिराला परत पाठवा, दोघांना लगेच डॉक्टरांकडे न्या आणि गीझर बाहेरच्या भिंतीवर लागेपर्यंत पाणी चुलीवर तापवा. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कोंडलेल्या खोलीत गीझरचा विषारी वायू दोघांच्या अंगात जात होता असं सांगितलं, दोघांना दिवसभर ठेवून घेतलं आणि वेळेवर आणलंत म्हणाले. बारशाला अक्कांच्या मांडीवर बाळ आणि पर्समध्ये आमचे सेल होते. गीझर बाहेर लागल्यावरच ते परत मिळाले.

अक्का गेल्या त्या ऐन मे महिन्यात, धुळ्यात कुणालाच गरम पाणी लागत नव्हतं तेव्हा. दाढीचा ब्रश मी मागून आणला. तो माझ्या टेबलावर असतो.

आणि गेल्या महिन्यात चिन्मयचा परदेशातून फोन आला. बाहेर बर्फाचं वादळ होऊन गेलेलं, घर तापवणारी फर्नेस पेटते आणि थोड्या वेळात बंद पडते, मेकॅनिक परवा येणार. बरोबरच्या मित्राने इंटरनेटवर पाहिलं होतं, की एका स्विचला तार जोडून वगळलं की ती चालू राहते. तार कापूनही झाली होती. मी म्हटलं, हात लावू नका. आधी बघ, तिला हवा कुठून येते.

तो फोन चालू ठेवूनच बाहेर गेला. भिंतीतून निघालेले तिचे दोन्ही पाइप, हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, बर्फाखाली बुजले होते. फावड्याने उकरल्याचा आवाज मला इथे जळगावात ऐकू येत होता. आत येऊन त्याने ती पुन्हा सुरू केली आणि आम्ही दोघं तिची घरघर ऐकत बसलो. बराच वेळ झाला, ती बंद पडली नाही. मेकॅनिक येईल तेव्हा दाखवून घे, असं मी बजावलं.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "आजी, अक्काआजी बिघडलेल्या यंत्राला काय विचारायच्या? नीट सांग, मी लिहून घेतो."